चेंडू चिकटतो का हो?

टेबल टेनिसच्या हॉलमध्ये कुणी नवं रबर लावून आलं की खेळ थांबतो. चालू पॉइंट तेवढा संपतो, पण पुढची सर्व्हिस कुणाची हे विचारायला टेबलापाशी कुणी उरत नाही. सगळे नव्या बॅटीभोवती. मालक केसची चेन मुद्दाम सावकाश उघडतो, बॅट बाहेर काढतो आणि रबरावरचं पारदर्शक प्लास्टिक एका कोपऱ्यातून सोलायला घेतो. सोलताना ‘चर्रर्र’ असा आवाज आला तर माल चिकट. आवाज ऐकून दोन-तीन जण मान डोलावतात. मग पहिला अंगठा पुढे येतो.

नवं रबर अंगठ्यानं दाबून बघणं हा आपल्याकडे घटनेनं दिलेला हक्क समजला जातो. तो बजावणारा अंगठा बहुतेक वेळा थेट वडापाववरून आलेला असतो, आणि चिकट रबराला तेलाचं फार वावडं. मालकाचा जीव खालीवर.

“अहो, कडेला दाबा जरा. मधे नको.”

“दाबतोय फक्त. खाणार आहे का मी?”

अंगठ्यानंतर चेंडूची चाचणी. टेबलावर ठेवलेल्या चेंडूवर बॅट टेकवायची, हलकेच दाबायची आणि वर उचलायची. चेंडू रबराला लटकून वर आला तर ‘वा!’ मग तो किती वेळ टिकतो ते मोजायचं. एक, दोन, तीन, चार... चेंडू टप्पकन पडतो आणि मंडळी समाधानानं एकमेकांकडे बघतात. चेंडूचं वजन २.७ ग्रॅम, आतून पोकळ. त्याला चार सेकंद लटकवून ठेवणं यात रबराचं कौतुक आहेच, पण मॅचमध्ये चेंडू लटकवून ठेवण्याचा प्रसंग येत नाही. आलाच, तर पंच पॉइंट समोरच्याला देतात.

इथवर सगळं सुरळीत चालतं. गडबड होते ती पुढच्या प्रश्नाला.

“फोरहँडला लावलंय ना?”

“नाही. बॅकहँडला.”

“बॅकहँडला? चिकट?”

आणि जो तो आपापल्या पाण्याच्या बाटलीकडे वळतो.

या शांततेमागे काही दशकांची समजूत आहे. चिकट रबर ही खास चिनी चीज. शांघायच्या डबल हॅपिनेस कंपनीचं, म्हणजे डीएचएसचं, ‘हरिकेन ३’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. वांग लिचिनपासून मा लाँगपर्यंत चीनच्या विश्वविजेत्यांनी ते फोरहँडला वापरलं, आणि बॅकहँडला त्यांच्यातल्या बहुतेकांनी पुढे जपानी किंवा जर्मन रबर लावलं, जे चिकट नसतं पण चेंडू फेकतं जोरात. उजव्या बाजूला चीन, डाव्या बाजूला जपान. दोन देशांचं बाहेर कितीही बिनसलेलं असो, बॅटीवर ते पाठीला पाठ लावून सुखानं नांदतात. विश्वविजेत्यांनी लावून दिलेली ही घडी आपल्या हॉलमधला कुणी दाढीवाला मोडायला निघतो, म्हणजे एक तर त्याला काही तरी कळलेलं आहे किंवा दुकानात फक्त लाल शीट शिल्लक होती.

दुसरी शक्यता वाटते तितकी गमतीची नाही. १९८६ पासून बॅटीची एक बाजू लाल आणि दुसरी काळी असावी लागायची. त्याआधी दोन्हीकडे एकाच रंगाची पण वेगवेगळ्या स्वभावाची रबरं लावून लोक बॅट हातातल्या हातात फिरवायचे, आणि समोरच्याला आपण नक्की कशाशी खेळतोय ते कळायचं नाही. आता, २०२१ पासून, काळ्याच्या जोडीला लालऐवजी हिरवा, निळा, गुलाबी, जांभळा असे रंगही चालतात. पण जुन्या जाणत्यांचं ठाम मत असं की चिनी रबर घ्यावं तर काळं, लाल तितकं चिकट नसतं. त्यामुळे काळं फोरहँडला जातं आणि दुकानदाराकडची लाल हरिकेनं धूळ खात पडतात. मग तो ती बॅकहँडवाल्यांना सुचवतो. टेबल टेनिसच्या इतिहासातले बरेच प्रयोग असे दुकानातल्या फळीवरून सुरू झाले असतील, असा माझा संशय आहे.

रबर म्हणजे तरी काय? दोन थर. वर टॉपशीट, खाली स्पंज. टॉपशीटचे बारीक दाणे आतल्या बाजूला, स्पंजला चिकटवलेले. सगळं मिळून ४ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. जपानी-जर्मन रबरांचा जोर स्पंजात. बटरफ्लाय कंपनीनं २००८ मध्ये ‘टेनर्जी’ आणलं तेव्हा त्या स्पंजाला स्प्रिंगचंच नाव दिलं होतं. चेंडू आत रुततो आणि उसळून बाहेर पडतो, तुम्ही फक्त बॅट आडवी धरायची. चिनी रबराचा जोर टॉपशीटच्या चिकटपणात. खालचा स्पंज कठीण, आणि स्वतःहून काही करायला नाखूश.

या कठीणपणाचे आकडे हा एक स्वतंत्र घोळ आहे. चिनी स्पंज ३९, ४०, ४१ डिग्रीत मोजतात. जर्मन स्पंज ४५, ४७, ५० डिग्रीत. दोन्ही मापं निराळी. पण हॉलमधला माणूस दोन्ही आकडे शेजारी ठेवतो आणि म्हणतो, “४७ फार कडक होतं, म्हणून ३९ घेतलं. मऊ असेल.” मग पहिल्याच फटक्यात त्याच्या मनगटाला कळतं की चिनी ३९ हे जर्मन ४७ पेक्षा चांगलंच टणक असतं.

या सगळ्या स्पंजपुराणाचा पहिला मोठा धमाका मुंबईत झाला, हे आपल्या हॉलमधल्या कुणालाही सांगा, त्याला ते बॅकहँडइतकंच अभिमानाचं वाटेल. फेब्रुवारी १९५२. जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच आशियात आणि तीही मुंबईत. तोपर्यंत सगळे दाणेदार रबराच्या बॅटीनं खेळत. चेंडू टकटक वाजायचा आणि निम्मा खेळ कानानं चालायचा. जपानचा हिरोजी सातो नावाचा चष्मेवाला गडी जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. आवाजच नाही! समोरच्याला चेंडू बॅटीला लागल्याचं कळायचं ते चेंडू आपल्या बाजूला आल्यावर. अमेरिकेचा मार्टी रीझमन तेव्हा भल्याभल्यांना भारी होता. तोही सातोपुढे हरला. सातो विश्वविजेता होऊन मायदेशी गेला आणि मागे रबराचा वाद ठेवून गेला, तो अजून मिटलेला नाही. १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं रबराच्या जाडीचे नियम केले. तरी लोक हरल्यावर रबराला दोष देतात, आणि या दोषारोपाचा मान पहिल्यांदा मुंबईत हरलेल्या परदेशी पाहुण्यांकडे जातो.

असो. प्रश्न बॅकहँडचा आहे.

फोरहँडला माणूस अख्खा खेळतो. पाय, कंबर, खांदा, कोपर, सगळे एकामागून एक कामाला लागतात. मागे जागाही भरपूर असते. बॅकहँडला मागे जागाच नाही. मागे आपण स्वतः असतो. बॅट मागे न्यायची म्हणजे पोटाकडे न्यायची, आणि चाळिशीनंतर ती जागा आधीच भरलेली असते. उरतं काय, तर कोपर जरासं पुढे आणि मनगटाचा झटका. एवढ्याशा हालचालीत चेंडू पलीकडे नीट जायचा तर बॅटीनंच थोडी मदत करावी लागते. म्हणून बॅकहँडला मऊ, उसळतं रबर लावायची रीत. तुम्ही अर्धा फटका मारा, उरलेला अर्धा स्पंज मारतो. समोरचा म्हणतो, “काय बॅकहँड आहे राव!” आणि तुम्ही स्पंजाचं श्रेय खिशात टाकता.

चिकट रबर ही उधारी बंद करतं. ते जुन्या वळणाच्या गणिताच्या मास्तरांसारखं आहे. उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या दाखवल्या नाहीत म्हणून मार्क कापणार. बॅट खालून वर आली का? मनगट शेवटी उघडलं का? चेंडूला नुसता धक्का दिला की तो घासून काढला? यातलं एकही उत्तर ‘नाही’ असेल तर चेंडू मुकाट्यानं नेटच्या पायाशी जाऊन बसतो. पूर्वीच्या रबरावर हाच फटका टेबलाच्या कडेला जाऊन टाळ्या घेत होता. आपला बॅकहँड इतकी वर्षं नक्की कोण खेळत होतं, याचा हिशेब त्या संध्याकाळी लागतो.

म्हणून चिकट रबराचं परीक्षण अंग गरम करायच्या खेळावरून करू नये. वॉर्मअपला दोघंही एकमेकांना मदत करत असतात, तिथे पोळपाटानंही बॅकहँड बसतो. परीक्षण करायचं ते सामना ९-९ असताना, समोरच्यानं आखूड, खाली वळण घेणारी सर्व्हिस टाकल्यावर. त्या क्षणी चिकट रबराचं रूप वेगळं असतं. पुश करा: चेंडू नेटला घासून जातो की काय इतका खाली, आणि बुडाशी इतकी फिरकी घेऊन, की समोरचा उचलायला जातो आणि नेटच्या पांढऱ्या पट्टीत मारतो. वरून रबराला दाद द्यायच्या ऐवजी तो स्वतःच्या बॅटीकडे असं बघतो जणू दगा तिनंच दिला. हा एक क्षण मी जवळून पाहिलेला आहे, आणि चिकट रबराची अर्धी किंमत तिथेच वसूल होते असं माझं मत आहे.

आखूड चेंडूवर बॅकहँडचा फ्लिकही असाच. झेक प्रजासत्ताकाच्या पेत्र कोर्बेलनं चेंडूच्या बाजूला मनगट वळवून घासायची जी तऱ्हा आणली, तिला केळ्यांच्या एका ब्रँडवरून ‘चिकिता’ म्हणतात. चीनच्या झांग जिकेनं तिच्या जोरावर २०११ मध्ये जगज्जेतेपद आणि २०१२ मध्ये लंडनला ऑलिंपिकचं सुवर्ण मिळवलं. या फटक्यात चेंडू रबरावर क्षणभर थांबल्यासारखा वाटला पाहिजे, आणि ते थांबणं चिकट रबरावर छान जाणवतं. आमच्या हॉलमध्ये चिकिता सगळ्यांना येते. फक्त चेंडू टेबलावर पडत नाही.

खालच्या फिरकीचा चेंडू उचलताना, म्हणजे समोरच्यानं खोल पुश दिलाय आणि आपल्याला बॅकहँडनं टॉपस्पिन करायचाय, तेव्हाही चिकट रबर साथ देतं. सावकाश जाणारा पण प्रचंड वळणारा चेंडू निघतो. समोरचा ब्लॉकला बॅट लावतो आणि चेंडू छताकडे जातो.

आता दुसरी बाजू. चिकट रबर जशी फिरकी देतं तशीच ती घेतंही. समोरच्यानं टाकलेली फिरकी त्याला इतकी आवडते की सर्व्हिस ओळखण्यात जराशी चूक झाली तर चेंडू बाजूच्या टेबलावर. तिथले लोक तो परत देताना “नवीन रबर का?” असं विचारतात, तेही सहानुभूतीनं. आणि जलद ब्लॉक! टेबलाजवळ उभं राहून डावीकडे डावीकडे अशी टकाटक सुरू झाली की मनगटाला झटका द्यायला वेळच नसतो. बॅट नुसती मधे येते. उसळतं रबर अशा वेळी निभावून नेतं. चिकट रबर चेंडूतला जीवच काढून घेतं. तो नेट ओलांडून टेबलावर दोनदा टपटपून बसतो. गंमत अशी की समोरच्याला जोरात येणाऱ्या चेंडूची सवय झालेली असते, त्यामुळे या मेलेल्या चेंडूवर त्याची बॅट आधीच फिरून जाते. “असले बॉल काय देता हो?” असं तो चिडून म्हणतो. आपण ‘डाव आहे तो’ असा चेहरा करायचा. चेहऱ्याला रबर लागत नाही.

वजन ही आणखी एक गोष्ट. कापल्यावर एक हरिकेन ५० ग्रॅमच्या आसपास भरतं. फोरहँडलाही तसलंच असेल तर बॅट १९० ग्रॅमच्या पुढे जाते. बॅटीच्या वजनाला नियम नाही, पण मनगटाला आहे. वजन किती हे कळावं म्हणून लोक काय काय करतात! आमच्याकडचे एक निवृत्त बँक अधिकारी रबर घेऊन थेट ओळखीच्या सराफाकडे गेले. सराफानं ते काट्यावर ठेवलं, ४९ ग्रॅम सांगितले आणि सवयीनं विचारलं, “घडणावळ धरायची का?” तेव्हापासून त्यांच्या बॅकहँडला हॉलमध्ये ‘हॉलमार्क’ म्हणतात.

रबर चिकटवणं हा खेळाचा भाग नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी ते घरी चिकटवून बघावं. दुधासारखा पांढरा डिंक स्पंजावर आणि लाकडावर सारखा पसरायचा, तो सुकून पारदर्शक व्हायची वाट बघायची, मग रबर मुठीपासून वर अलगद टेकवत न्यायचं आणि आतली हवा बाहेर काढायला वरून काही तरी गोल फिरवायचं. घरात गोल आणि गुळगुळीत असं एकच असतं. ते फिरवून झाल्यावर लगेच धुऊन ठेवायला हवं असतं, ते राहून जातं. दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना स्वयंपाकघरातून आवाज येतो, “अहो, लाटण्याला काय लागलंय हे?” या प्रश्नाला ‘जपानी डिंक’ हे उत्तर कुठल्याही घरात समाधानकारक समजलं जात नाही. रबराच्या कडा ब्लेडनं कापून उरलेली लाल पट्टी मात्र पोरं पळवतात. ती भिंतीवर फेकली की चिकटते, आणि रबर चिकट असल्याचा याहून निःपक्षपाती पुरावा दुसरा नाही.

पूर्वी डिंक वेगळा होता. १९७० च्या दशकात ड्रॅगुटिन शुर्बेक आणि टिबोर क्लाम्पार या युरोपातल्या बड्या खेळाडूंनी सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन रबराला लावून पाहिलं आणि चेंडू गोळीसारखा सुटायला लागला. मग सगळं जग मॅचच्या आधी बॅटीला सोल्युशन फासायला लागलं. ड्रेसिंग रूमचा वास सायकलच्या दुकानासारखा. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिक झाल्यावर त्या उडून जाणाऱ्या रसायनांवर बंदी आली. रबर जसं कारखान्यातून मंजूर होऊन येतं तसंच वापरायचं, त्याला दुसरं काही लावायचं नाही असा नियम झाला. नियम झाला म्हणजे पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. कठीण चिनी स्पंज जरा मऊ आणि उसळता व्हावा म्हणून त्याला मागून तेल पाजायची विद्या निघाली. त्यासाठी खास तेलं मिळतात, आणि ज्यांना ती महाग वाटतात ते लहान बाळांच्या मालिशचं तेल वापरतात. हे मी सांगोवांगी सांगत नाही. आमच्याच हॉलमधल्या, सत्तरीला टेकलेल्या एका गृहस्थांना औषधाच्या दुकानात बेबी ऑइल घेताना शेजारणीनं गाठलं आणि चौकात जाहीर अभिनंदन केलं. त्यांनी “नाही हो, बॅकहँडसाठी” म्हटल्यावर ती बिचारी घाईघाईनं निघून गेली.

आपल्या हवेचाही विचार चिनी कारखान्यानं केलेला नाही. जुलैत मुंबई-ठाण्याकडच्या हॉलमध्ये, खिडक्या उघड्या, पंखे बंद कारण चेंडू उडतो, अशा दमट संध्याकाळी चिकट रबरावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि तेच रबर साबण लावल्यासारखं घसरायला लागतं. टॉपस्पिन मारायला जावं तर चेंडू सरळ खाली. उन्हाळ्यात उलट, हॉलमधली सगळी धूळ, केस आणि स्वेटबँडचे धागे रबराशी घरोबा करतात. चिनी खेळाडू टीव्हीवर दोन पॉइंटांच्या मधे रबरावर ‘हा’ करून वाफ सोडतात आणि तळव्यानं पुसतात, ते या धुळीसाठी. आपल्याकडे ही लकब इतकी पसरली आहे की आता ज्यांच्या बॅटीला बाहेरचे दाणे आहेत तेसुद्धा ‘हा’ करून पुसतात. दाण्यांत वाफ कुठे जाते कुणास ठाऊक, पण मधे अर्धा मिनिट मिळतो आणि दम परत येतो.

घरी आल्यावर साध्या पाण्यानं रबर पुसायचं, सुकवायचं आणि वरून प्लास्टिक लावायचं. प्लास्टिकखाली बुडबुडा राहता कामा नये. हा बुडबुडा बोटानं कडेकडे ढकलत बसलेला माणूस पाहिला की त्याला हाक मारू नये. बुडबुडा एका ठिकाणी घालवला की दुसऱ्या ठिकाणी उगवतो, आणि त्यात पूर्ण संध्याकाळ जाऊ शकते.

या सगळ्यात सल्ला देणाऱ्यांची कमी नसते. एक पक्ष म्हणतो, अर्धवट कशाला राहता, मनिका बत्रासारखे बॅकहँडला लांब दाणे लावा. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं तेच रबर घेऊन भल्याभल्यांना चक्रावलं आणि एकेरीचं सुवर्ण जिंकलं. खरं आहे, लांब दाणे चिकट रबराच्या बरोबर विरुद्ध टोकाला असतात. ते स्वतः फिरकी देत नाहीत, समोरच्याचीच उलटी करून परत पाठवतात. पण मनिका पॉइंट चालू असताना बॅट हातात फिरवून कधी दाण्यांनी, कधी साध्या रबरानं मारते. आमच्याकडे एकानं तसं फिरवायचा प्रयत्न केला तेव्हा बॅट फिरली आणि पलीकडे गेली.

दुसरा पक्ष तडजोडवाल्यांचा. बटरफ्लायनं २०२० च्या सुमारास ‘डिग्निक्स ०९ सी’ आणलं: वर चिकट टॉपशीट, खाली उसळता स्पंज. इतरांनीही तशी ‘हायब्रिड’ काढली. यातली बरीच युरोपीय नावं जर्मनीतल्या एकाच कारखान्यातून बाहेर पडतात, तरी आपल्या हॉलमध्ये त्यातल्या दोन नावांचे समर्थक एकमेकांशी बोलत नाहीत. बॅकहँडला चिकट हवंच असेल तर हायब्रिड घ्यावं, हे मत मला पटतं. फक्त त्या एका शीटच्या किमतीत साध्या हरिकेनच्या दोन-तीन येतात, त्यामुळे हे मत खिशाला पटवावं लागतं.

मला विचाराल तर मी माणूस बघून सांगतो. जो टेबलाला चिकटून ब्लॉकच करतो, त्यानं चिकट रबराच्या वाटेला जाऊ नये. ज्याला आखूड चेंडूवर काही तरी करून दाखवायचंय, खालच्या फिरकीवर पहिला हल्ला बॅकहँडनं चढवायचाय आणि ज्याचं मनगट अजून शाबूत आहे, त्यानं जरूर लावावं. पण निदान महिनाभर काढू नये. पहिल्या आठवड्यात सगळे चेंडू नेटमध्ये जातात म्हणून रबर सोलणारे फार. नव्याची चिकटी थोडी उतरल्यावरच रबर नीट कळतं. आणि कंपनीनं पाकिटावर छापलेले वेग, फिरकी आणि नियंत्रणाचे आकडे अजिबात वाचू नयेत. तीनही बाबतींत नापास झालेलं रबर मी अजून पाहिलेलं नाही.

सोललेल्या रबरांचा बाजारही मोठा असतो. ज्येष्ठांनी नाकारलेलं कॉलेजातल्या पोरांकडे जातं, पोरांनी झिजवलेलं शाळेच्या पोरांकडे. परवाच ते बेबी ऑइलवाले गृहस्थ आपलं हरिकेन एका पोराला विकत होते.

“अगदी नवं आहे, बघ. दोन आठवडेसुद्धा खेळलो नाही.”

पोरानं रबर उलटंपालटं करून पाहिलं, कडा तपासल्या, स्पंज वाकवला. “काका, मागून काही लावलंय का?”

“छे छे! कारखान्यातून आलं तसं आहे. आपल्याला असले धंदे जमत नाहीत.”

पोरानं रबर नाकाशी नेलं, एकदा हुंगलं, पुन्हा एकदा हुंगलं.

“मग काका, याला आमच्या भाचीचा वास कसा येतोय?”